सॉफ्टवेअर सिंथमधले बेस प्रीसेट: कुठला पॅच कुठल्या सप्तकात वाजतो आणि तो जागेवर कसा आणायचा

गोदाकाठचा_खर्ज (पंचवटी)

लग्नसराई आणि गणपतीची गाणी करणाऱ्या आपल्या इथल्या होम स्टुडिओंना ही अडचण सतत येते. मिडी (कुठली नोट कधी वाजवायची याच्या सूचना) तीच ठेवून नुसता प्रीसेट (सिंथमधला तयार आवाज, म्हणजेच पॅच) बदलला की बेस एक सप्तक वर उडी मारतो, नाहीतर इतका खाली जातो की स्पीकरचा कोन हलताना दिसतो पण सूर कळत नाही. मग कोणी मिडी नोट्स उचलतो, कोणी ऑसिलेटरचं (सिंथमधला मूळ सूर काढणारा भाग) बटण फिरवतो, आणि महिन्याभराने तोच प्रोजेक्ट उघडला की काय कुठे हलवलं होतं ते सापडत नाही. यावर एकदा पक्का हिशेब मांडू या.

आधी नावांचा घोळ. मिडी नोट ६० म्हणजे २६१.६३ हर्ट्झ, एवढंच सगळीकडे सारखं आहे. तिला यामाहाच्या पद्धतीत सी३ म्हणतात, रोलँडच्या पद्धतीत सी४, आणि एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये ती सी५ दिसते. त्यामुळे एखाद्या व्हिडिओत ‘सी२ वर वाजवा’ असं सांगितलं तर एफएलमध्ये ती नोट २४ म्हणजे ३२.७० हर्ट्झ, रीपरमध्ये ३६ म्हणजे ६५.४१, आणि एबलटन लाइव्हमध्ये ४८ म्हणजे १३०.८१. एकाच नावाच्या तीन नोटा, दोन सप्तकांच्या अंतरात. म्हणून या धाग्यात सगळ्यांनी मिडी नंबर आणि हर्ट्झ लिहावेत ही विनंती. नाव लिहायचंच असेल तर ६० ला सी४ धरा.

संदर्भासाठी बेस गिटारच्या मोकळ्या तारा: ई१ (२८) ४१.२०, ए१ (३३) ५५, डी२ (३८) ७३.४२, जी२ (४३) ९८. पाच तारांच्या गिटारची जाड तार बी० (२३) ३०.८७. स्टाफ नोटेशनमध्ये बेस गिटार वाजते त्यापेक्षा एक सप्तक वर लिहितात. छापील नोटेशन बघून मिडी भरणाऱ्यांचा बेस बरेचदा एक सप्तक वर बसतो तो यामुळे.

दुसरं कारण प्रीसेट बनवणाऱ्यांच्या सवयीत आहे. २५ पट्ट्यांचा कीबोर्ड चालू केल्यावर साधारण ४८ ते ७२ वाजवतो. तिथे खऱ्या सुरातला बेस लावला तर तो १३० हर्ट्झच्या खाली जातच नाही. म्हणून कित्येक जण पॅच आतूनच एक किंवा दोन सप्तकं खाली लावून ठेवतात, म्हणजे प्रीसेट चाळताना हात जिथे आहे तिथेच बेस ऐकू येतो. इतर जण शून्यावर ठेवतात. कोणी काय करावं याचा नियम नाही, आणि एकाच बँकेत दोन्ही प्रकार निघतात.

माझा प्रस्ताव साधा आहे. आपल्या संग्रहातला प्रत्येक बेस असा लावायचा की ३३ नंबर दाबला की ५५ हर्ट्झ आलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

सॉटूथ_सातपूर

प्रस्ताव मान्य. आता मोजायचं कसं ते लिहितो, कारण कानावर सोडलं तर सप्तकाच्या बाबतीत कान हमखास फसतो.

३३ नंबरची एकच लांब नोट, चार मात्रांची, व्हेलॉसिटी (दाबण्याचा जोर) १००. प्रीसेटचे इफेक्ट्स बंद करा: कोरस, रिव्हर्ब, डिस्टॉर्शन, सगळे. मास्टरवर स्पेक्ट्रम अॅनालायझर लावा. व्हॉक्सेंगो स्पॅन फुकट आहे आणि या कामाला पुरतं. त्यातला ब्लॉक साइज मात्र वाढवा. ४४१०० वर ४०९६ चा ब्लॉक ठेवला तर दोन खुणांमधलं अंतर १०.८ हर्ट्झ येतं, म्हणजे ४१ आणि ४९ एकाच ढिगात दिसतात. १६३८४ ला ते २.७ होतं, सप्तक ओळखायला एवढं बास. ई१ आणि एफ१ वेगळे दिसायला हवे असतील तर त्यांच्यात फक्त २.४५ हर्ट्झचा फरक आहे, त्यासाठी ३२७६८ लागेल. ब्लॉक मोठा केला की आलेख सावकाश सरकतो, म्हणून नोट लांब हवी.

आता सगळ्यात डावीकडचं शिखर बघा. ५५ वर असेल तर पॅच शून्यावर आहे. २७.५ असेल तर एक सप्तक खाली, ११० असेल तर एक वर.

एवढ्यावर थांबू नका. काही पॅचमध्ये मूळ सूर जवळपास नसतोच, नुसते हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे सूर) असतात. शिखरं ११०, १६५, २२० अशी दिसली तर डावीकडचं ११० असलं तरी त्यांच्यातलं अंतर ५५ आहे, आणि कानही ५५ चाच सूर ऐकतो. तो पॅच बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

दुसरी_लाइन (नाशिकरोड)

@सॉटूथ_सातपूर दादा, स्क्वेअर वेव्हला हे अंतराचं गणित लागू होईल का? माझ्याकडच्या पॅचला शिखरं ५५, १६५, २७५ अशी येतात. अंतर ११० आहे.

सॉटूथ_सातपूर

चांगलं विचारलंत. स्क्वेअरमध्ये फक्त विषम हार्मोनिक्स असतात: पहिला, तिसरा, पाचवा. त्यामुळे अंतर मूळ सुराच्या दुप्पट दिसतं. पक्का नियम असा की सगळ्या शिखरांना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या काढा, म्हणजे शाळेतला मसावि. ५५, १६५, २७५ चा मसावि ५५. ११०, १६५, २२० चाही ५५. तुमचा पॅच जागेवर आहे.

साध्या ट्यूनर प्लगिनवर विसंबू नका. मूळ सूर कमजोर आणि दुसरा हार्मोनिक जोरात असेल तर ट्यूनर ए बरोबर दाखवतो पण सप्तक एकने वरचं दाखवतो.

पॅचवाली (गंगापूर रोड)

सब ऑसिलेटरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. २७.५ वर शिखर दिसलं म्हणजे अख्खा पॅच खाली लावलेला आहे असं नसतं. मुख्य ऑसिलेटर ५५ वर आणि सब त्याच्या एक सप्तक खाली, अशी रचना फार पॅचमध्ये असते. आधी सब बंद करून मोजा, मग फक्त सब चालू ठेवून मोजा. दोन आकडे वेगवेगळे लिहा.

जुन्या मशीनवरून बनवलेल्या सिंथमध्ये सेमीटोनऐवजी फूट लिहिलेले असतात: ३२, १६, ८, ४, २. हे पाइप ऑर्गनवरून आलं. आठ फुटी उघडा पाइप सुमारे ६५ हर्ट्झ देतो, तो ऑर्गनच्या सर्वांत खालच्या सी पट्टीचा सूर. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली. म्हणजे १६ म्हणजे उणे १२ सेमीटोन (१२ सेमीटोनचं एक सप्तक), ३२ म्हणजे उणे २४. तीन लाइनच्या पेटीत खर्ज, नर आणि मादी हे स्वर एकाच पट्टीवर एकेक सप्तकाच्या अंतराने बोलतात, तीच ही मांडणी. फरक एवढाच की मिनीमूगसारख्या सिंथच्या प्रत्येक ऑसिलेटरला आपापला फूट निवडता येतो. एक ३२ वर, दोन १६ वर असा पॅच असेल तर ‘हा कुठल्या सप्तकातला’ हे ज्याचा आवाज जास्त त्याच्यावर ठरतं. मिक्सरमध्ये ३२ चा ऑसिलेटर कमी केला की तोच पॅच एक सप्तक वर गेल्यासारखा वाटतो, बाकी काही न बदलता. हे मोजमापात येणार नाही, ते ऐकूनच ठरवायला लागतं.

सेरम या सिंथमध्ये ओएससी (ऑसिलेटर) ए, बी आणि सब या तिन्हींना ऑक्टेव्ह स्वतंत्र आहे. व्हायटलमध्ये तिन्ही ऑसिलेटरना ट्रान्सपोज सेमीटोनमध्ये आहे, सॅम्पलच्या खणालाही वेगळा. पॅच उचलताना एक जरी राहिला तरी आवाजाचा पोतच बदलतो, आणि दोष प्रीसेटला जातो.

खालचा_प (सिडको)

आता माझा मतभेद. पॅचच्या आत जाऊन सप्तक बदलू नका.

कारण की-ट्रॅकिंग, म्हणजे दाबलेल्या पट्टीप्रमाणे फिल्टर सरकणं. एक उदाहरण घ्या. पॅच आतून उणे १२ वर आहे, म्हणजे ४५ दाबल्यावर ५५ हर्ट्झ वाजतो. फिल्टरचं की-ट्रॅक १०० टक्के आहे आणि ४५ दाबल्यावर कटऑफ (जिथून वरचे सूर फिल्टर कापतो ती जागा) ४४० ला बसतो, म्हणजे आठव्या हार्मोनिकवर. गोदाकाठच्या भाऊंच्या प्रस्तावाप्रमाणे ऑसिलेटर शून्यावर आणला आणि आता ३३ दाबली. सूर तोच ५५. पण कटऑफ दाबलेल्या पट्टीवर चालतो, तो एक सप्तक खाली आला, २२० वर, चौथ्या हार्मोनिकवर. पॅच बसका झाला. सूर बरोबर, रंग गेला.

हे फक्त फिल्टरचं नाही. पट्टीच्या नंबरावर चालणाऱ्या सगळ्या गोष्टी सरकतात: एन्व्हलपचा (आवाजाच्या चढ-उताराचा) वेग, एलएफओचा (सावकाश हेलकावा देणाऱ्या लाटेचा) वेग, वेव्हटेबलमधली (लाटांच्या आकारांच्या संचातली) जागा, नॉइजचा सूर. कुठल्या पॅचमध्ये बनवणाऱ्याने काय काय पट्टीला जोडलंय हे मॉड्युलेशनची यादी उघडून वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पॅच जसाच्या तसा ठेवा आणि सिंथच्या आधी मिडी ट्रान्सपोज लावा, अधिक १२. क्लिपमध्ये ३३, सिंथला पोचते ४५, वाजतं ५५ हर्ट्झ. बनवणाऱ्याने जो रंग दिला तोच. एबलटन लाइव्हमध्ये त्यासाठी पिच नावाचं मिडी डिव्हाइस आहे. एफएलमध्ये चॅनेलच्या छोट्या कीबोर्डवर उजवं क्लिक करून रूट नोट (ज्या पट्टीवर आवाज मूळ सुरात वाजतो ती) बदलली की तेच होतं, फक्त दिशा उलटी: रूट एक सप्तक वर नेली की आवाज खाली येतो.

गोदाकाठचा_खर्ज

@खालचा_प मुद्दा बरोबर आहे आणि माझ्या पहिल्या पोस्टमध्ये तो यायला हवा होता, पण आला नव्हता. तरीही पॅचच्या आतच दुरुस्ती करावी असं मला का वाटतं ते सांगतो. फाइल दुसऱ्या स्टुडिओत जाते. ट्रॅक एकाचा, मिक्स दुसऱ्याचा, लाइव्ह वाजवणारा तिसरा. सिंथच्या आधीचा ट्रान्सपोज प्रीसेटच्या फाइलीत जात नाही, तो प्रोजेक्टमध्ये किंवा चेनमध्ये राहतो. दुसऱ्याने तोच प्रीसेट त्याच्या डीएडब्ल्यूमध्ये (एफएल, रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडला की पुन्हा एक सप्तकाचा फरक.

की-ट्रॅकची भरपाई गणिताने होते. ऑसिलेटर जितके सेमीटोन उचलले त्याला की-ट्रॅकच्या टक्क्यांनी गुणा आणि कटऑफ तितका वाढवा. १२ आणि १०० टक्के असेल तर १२ सेमीटोन वर, ५० टक्के असेल तर ६, शून्य असेल तर काहीच नाही. कटऑफ हर्ट्झमध्ये दिसत असेल तर १२ म्हणजे दुप्पट, ६ म्हणजे १.४१४ पट. फिल्टर दोन असतील तर दोघांचं वेगळं करा.

खालचा_प

फिल्टरपुरतं मान्य. पण प्रत्येक सिंथचा मास्टर ऑक्टेव्ह वेगळा वागतो. काहींमध्ये तो पट्टीचा नंबरच बदलून पुढे पाठवतो, मग की-ट्रॅकही बरोबर सरकतो आणि भरपाई करायची गरज नसते. काहींमध्ये तो फक्त ऑसिलेटरला लागतो. भरपाई करण्याआधी तपासा:

सगळे ऑसिलेटर बंद, फक्त व्हाइट नॉइज चालू (व्हायटलमध्ये सॅम्पलच्या खणात तो मुळातच भरलेला असतो). नॉइज फिल्टरमधून न्या, रेझोनन्स (कटऑफपाशी येणारा उठाव) जवळपास पूर्ण, की-ट्रॅक १००. एकच पट्टी धरून ठेवा आणि ऑक्टेव्हचं बटण फिरवा. स्पॅनवर रेझोनन्सचं टोक सरकलं तर ऑक्टेव्ह की-ट्रॅकला लागतो. जागेवर राहिलं तर लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, प्रत्येक सिंथचं एकदाच करून वहीत लिहून ठेवायचं.

सर्ज एक्सटीमध्ये आणखी एक सोय आहे. की-ट्रॅकची रूट पट्टी बदलता येते. भरपाई कटऑफमध्ये न करता ती रूट १२ ने खाली आणली तरी चालतं, आणि मॉड्युलेशनमध्ये जोडलेलं की-ट्रॅकही त्यासोबत येतं.

पॅचवाली

दोघांचंही धरून मी असं वाटून घेईन. साधा सबट्रॅक्टिव्ह पॅच असेल, एक-दोन ऑसिलेटर आणि एक फिल्टर, तर आतूनच दुरुस्त करा आणि नव्या नावाने सेव्ह करा. एफएम (एका लाटेने दुसरी हलवून आवाज काढणारा), सॅम्पलवर (रेकॉर्ड केलेल्या आवाजावर) आधारलेला किंवा वीस-पंचवीस मॉड्युलेशनचा पॅच असेल तर आत हात घालू नका, बाहेरून ट्रान्सपोज लावा आणि नावातच लिहा: ‘अधिक १२ लागतो’. मूळ प्रीसेटवर कधीही ओव्हरराइट करू नये, जुने प्रोजेक्ट उघडताना त्याचीच गरज पडते.

एफएमबद्दल जास्त लिहायला हवं. डेक्स्ड (यामाहा डीएक्स७ ची सॉफ्टवेअर नक्कल) वापरणारे इथे बरेच आहेत आणि १९८३ च्या डीएक्स७ चे बेस अजून ऐकायला छान लागतात. त्यात ऑसिलेटर नाही, सहा ऑपरेटर आहेत आणि प्रत्येकाचं गुणोत्तर आहे. एक सप्तक खाली आणायला फक्त कॅरिअर (ऐकू येणारा ऑपरेटर) १ वरून ०.५० केला तर मॉड्युलेटर (कॅरिअरला हलवणारा) जागेवर राहतो, त्यांच्यातलं नातं १:१ चं १:२ होतं आणि पूर्ण वेगळाच आवाज निघतो. खाली आणायचं तर सगळेच अर्धे करावे लागतात. १ चा ०.५०, २ चा १. तीनचा १.५०, त्यासाठी कोर्स १ आणि फाइन ५०. पाचचा २.५०, कोर्स २ आणि फाइन २५, कारण फाइन हा कोर्सच्या पटीत लागतो. एखादा ऑपरेटर आधीच ०.५० वर असेल तर त्याला त्याखाली जागाच नाही.

शिवाय काही ऑपरेटर ठरावीक फ्रीक्वेन्सीवर बांधलेले असतात, बहुतेक सुरुवातीच्या टकटकीसाठी. ते पट्टीबरोबर हलत नाहीत आणि हलवूही नयेत. म्हणून डेक्स्डमध्ये गुणोत्तरांशी खेळण्यापेक्षा त्याचा ट्रान्सपोज वापरा. तो आवाजाच्या डेटाचाच भाग आहे, प्रीसेटबरोबर सेव्ह होतो. मधली जागा तिथे सी३ दिसते, कारण यामाहाची पद्धत. सी२ केलं की एक सप्तक खाली.

डबल_अठरा (आडगाव)

साउंडच्या बाजूने लिहितो. तुम्ही सप्तक बरोबर लावाल, पण गाण्याची पट्टी बघितली नाही तर लॉन्सवर काही ऐकू येणार नाही.

आपल्याकडचे अठरा इंची डबल बेस बॉक्स पोर्टवाले असतात. बॉक्स ज्या फ्रीक्वेन्सीला लावलेला आहे त्याच्या खाली गेलं की कोनला हवेचा आधार उरत नाही. तो जास्त हलतो आणि आवाज कमी देतो. कोन वाचवायला ३५ ते ४० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावलेला असतो. आता षड्ज कुठे पडतो ते बघा:

काळी १: ३४.६५ किंवा ६९.३०
पांढरी २: ३६.७१ किंवा ७३.४२
काळी २: ३८.८९ किंवा ७७.७८
पांढरी ४: ४३.६५ किंवा ८७.३१
काळी ३: ४६.२५ किंवा ९२.५०
पांढरी ५: ४९ किंवा ९८
काळी ४: ५१.९१ किंवा १०३.८३
काळी ५: ५८.२७ किंवा ११६.५४

पुरुष गायक काळी १ मध्ये गात असेल आणि बेसचा सा ३४.६५ वर ठेवला असेल तर तो हाय-पासमध्येच जातो. तिथे ६९.३० घ्या. खालचा प मग जी-शार्प१ म्हणजे ५१.९१ वर येतो, बॉक्सला तो सगळ्यात सोपा. म्हणजे काळी १ मध्ये सा वरचा आणि प खालचा अशी चाल भरदार वाजते.

काळी ४ मध्ये उलटं. सा ५१.९१ वर मस्त बसतो, पण त्याचा खालचा प ३८.८९ वर जातो आणि एकदम पोकळ लागतो. तिथे प वरचा घ्या, ७७.७८. चाल थोडी बदलते, पण प्रत्येक नोटेला सारखा जोर मिळतो.

ढोबळ नियम: सगळ्या बेसच्या नोटा २८ ते ४३ मध्ये बसवा. २८ च्या खाली जाणारी नोट एक सप्तक वर घ्या, अख्खा ट्रॅक उचलू नका. पाच-सहा नोटांसाठी पूर्ण बेस वर नेला की गाण्याचं पोट जातं.

दुसरी_लाइन

@डबल_अठरा दादा, हे फार कामाचं आहे. एक शंका. ढोल-ताशा किंवा संबळ असलेल्या गाण्यात ढोलाचा थाप पण तिथेच असतो. तेव्हा बेस वरच्या सप्तकात नेला तर?

डबल_अठरा

नेता येतो, पण आधी ढोलाचा थाप स्पॅनवर बघा. ढोल साधारण किती हर्ट्झवर आहे ते त्या रेकॉर्डिंगवर आणि पान किती ताणलंय त्यावर ठरतं, आकडा ठोकून सांगता येणार नाही. थापाचं टोक आणि बेसचा सा पाचएक हर्ट्झच्या आत आले तर दोन्ही एकमेकांना खातात. तेव्हा ढोलाचा सूर सॅम्पलरमध्ये एक-दोन सेमीटोन हलवणं हे बेसचं सप्तक बदलण्यापेक्षा कमी नुकसानीचं. लाइव्ह पथकाच्या ट्रॅकमध्ये ते शक्य नसतं, तिथे बेसला साइडचेन (थाप पडली की बेस आपोआप दबेल असा कॉम्प्रेसर) लावा.

सॉटूथ_सातपूर

८०८ बेसचं (रोलँडच्या टीआर-८०८ ड्रम मशीनवरून आलेला) पण इथेच सांगून टाकतो, कारण सॅम्पलमध्ये सप्तक रूट नोटवर ठरतं आणि ती बरेचदा चुकीची भरलेली येते. मोजताना सॅम्पलची सुरुवात घेऊ नका, तिथे सूर वरून खाली घसरत असतो. शेपटी मोजा. समजा शेपटी ५१ हर्ट्झ आली. जवळची नोट जी-शार्प१, नंबर ३२, ५१.९१ हर्ट्झ. सॅम्पल तिच्यापेक्षा ३१ सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) खाली आहे. रूट ३२ भरा आणि फाइन ट्यून अधिक ३१. एफएलमध्ये ३२ ला जी-शार्प२ दिसेल, गोंधळू नका.

सॅम्पल एक सप्तक खाली वाजवला की तो अर्ध्या वेगाने वाजतो. शेपटी दुप्पट लांब, सुरुवातीचा टोला बोथट. त्यामुळे ८०८ ला सप्तक बदलायचं तर ट्रान्सपोज हा शेवटचा उपाय. त्या सुराजवळचा दुसरा सॅम्पल शोधा.

बेस गिटारच्या सॅम्पल लायब्ररीत आणखी एक खड्डा आहे. खालच्या पट्ट्यांवर की-स्विच असतात, स्लॅप, म्यूट, स्लाइड बदलायला. बाहेरून उणे १२ लावला की तुमच्या खालच्या नोटा त्या भागात शिरतात. आवाज येत नाही आणि पुढच्या सगळ्या नोटांची वाजवण्याची पद्धत बदलते. ‘मधेच बेस गायब होतो’ अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा.

ऑर्केस्ट्रा_कीज (इंदिरानगर)

लाइव्हवाल्यांची बाजू. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची सर्वांत खालची पट्टी ३६, म्हणजे ६५.४१ हर्ट्झ. डाव्या हाताला ३६ ते ५२ असा भाग पाडला आणि पॅच खऱ्या सुरात असेल तर ६५ ते १६५ हर्ट्झ मिळतं. ई१ येतच नाही. म्हणून कीबोर्डवर वाजवणाऱ्याला उणे १२ वाला पॅच हवाच असतो. त्याने तो भाग ३२.७ ते ८२.४ वर येतो.

तरीही मी स्टुडिओच्या नियमाच्या बाजूने आहे. प्रीसेट शून्यावर ठेवा आणि उणे १२ हा होस्टमधल्या (सिंथ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) डाव्या भागाच्या सेटिंगमध्ये भरा. म्हणजे प्रीसेट बदलला तरी भाग तसाच राहतो. प्रत्येक प्रीसेटचा वेगळा हिशेब स्टेजवर डोक्यात ठेवता येत नाही.

कीबोर्डचं ऑक्टेव्ह बटण बेससाठी वापरू नका. ते दोन्ही हातांना लागतं, स्प्लिटची जागाही सरकते. काही कंट्रोलरवर पट्टी दाबलेली असताना ते बटण दाबलं तर नोट सोडल्याचा संदेश वेगळ्या नंबराने जातो आणि आधीची नोट वाजतच राहते. बेसची अडकलेली नोट मोठ्या सिस्टिमवर फार वाईट.

बाजारातल्या कराओके मिडी फाइली वापरत असाल तर बेसच्या ट्रॅकचे नंबर आधी बघा. जनरल मिडीत बेसचे आवाज ३३ ते ४० या प्रोग्रॅमवर आहेत. नोटा २८ ते ५० च्या पट्ट्यात दिसल्या तर फाइल खऱ्या सुरात आहे, शून्यावरचा पॅच लावा. ४० ते ६२ दिसल्या तर बनवणाऱ्याकडे खाली लावलेला पॅच होता.

पॅचवाली

सप्तक बदलल्यावर जे बिघडतं त्यातलं डीट्यून राहिलं.

दोन ऑसिलेटरमध्ये १० सेंटचा फरक असेल तर ११० हर्ट्झवर त्यांचा हेलकावा सेकंदाला ०.६४, म्हणजे एक फेरी सुमारे १.६ सेकंदांत. तोच पॅच ५५ वर आणला की फेरी ३.१ सेकंदांची होते. १२० च्या लयीत चार मात्रांचा बार दोन सेकंदांचा असतो. परिणाम असा की एका बारमध्ये बेस भरलेला आणि पुढच्यात पातळ, आणि कॉम्प्रेसर कितीही लावला तरी तो सारखा होत नाही, कारण मूळ सूरच एकमेकांना खोडतोय. पॅच खाली आणल्यावर डीट्यून दुप्पट केलं तर हेलकाव्याचा वेग परत मिळतो, पण सूर पसरट होतो. माझ्या मते खरा उपाय वेगळा: सगळ्यात खालचा ऑसिलेटर एकटा ठेवा. युनिसन १ (म्हणजे एकच आवाज, थर नाहीत), डीट्यून शून्य, मधोमध, फेज पक्का, फेजचा रँडम शून्य. डीट्यून आणि रुंदी वरच्या ऑसिलेटरला द्या आणि त्याला १२० ते १५० हर्ट्झवर हाय-पास.

फेज मोकळा असेल तर प्रत्येक नोट वेगळ्या जागेवरून सुरू होते आणि कधी टक आवाज येतो, कधी नाही. खाली गेल्यावर तो जास्त जाणवतो. फेज शून्यावर बांधा, अॅटॅक २ ते ५ मिलिसेकंद द्या.

सॉटूथ_सातपूर

त्याला जोडून कॉम्प्रेसर. ११० हर्ट्झची एक लाट ९.१ मिलिसेकंदांची, ५५ ची १८.२, ४१.२ ची २४.३. रिलीज (दाबलेला आवाज परत सोडायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद ठेवला असेल तर ५५ वर कॉम्प्रेसर लाटेच्या आतच वरखाली करतो आणि घरघर येते. पॅच एक सप्तक खाली आणला की रिलीज निदान तीन लाटांएवढा करा, ४१ साठी ७५ च्या पुढे.

दुसरी_लाइन

शेवटची शंका. सगळं जागेवर लावलं, ३३ वर ५५ येतं. गाणं गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवलं की उत्तर येतं, ‘बेस नाही’. मग एक सप्तक वर करून पाठवावं का?

डबल_अठरा

करू नका. तेच मिक्स लॉन्सवर वाजणार आहे.

मोबाइलचा स्पीकर साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली नावापुरताच वाजतो. ५५ चा सूर तिथे कधीच येणार नाही, आणि ११० चाही नाही. त्यामुळे सप्तक वर करूनही मोबाइलवर फारसा फरक पडत नाही. तिथे बेस ऐकू येतो तो चौथ्या-पाचव्या-सहाव्या हार्मोनिकमुळे: २२०, २७५, ३३०. कान त्यावरून ५५ जोडून घेतो. पॅच निव्वळ साइनचा असेल तर हे हार्मोनिक्सच नाहीत.

बेसची प्रत काढून दुसऱ्या ट्रॅकवर घ्या, १५० वर हाय-पास, मग सॅच्युरेशन (हार्मोनिक्स वाढवणारं हलकं डिस्टॉर्शन), त्यानंतर १२०० च्या आसपास लो-पास. मोबाइलवर ऐकत ती फेडर हळूहळू वर आणा. बेसची चाल ओळखू आली की थांबा. मूळ ट्रॅकला हात लावू नका. हाय-पासमुळे फेज सरकतो, म्हणून दोन्ही एकत्र मोनोमध्ये ऐका आणि प्रतीची पोलॅरिटी उलटी करून बघा. ज्यात भरदार वाटेल ते ठेवा.

खालचा_प

एक भर. सॅच्युरेशनची ती प्रत केल्यावर ३३ ची चाचणी पुन्हा करा. दुसरा हार्मोनिक मूळ सुराच्या फार वर गेला तर बेस एक सप्तक वरचा वाटायला लागतो, आणि जे सगळं जागेवर लावलं ते ऐकताना हललेलं वाटतं. तेव्हा पॅच नाही, ती प्रत कमी करायची.

गोदाकाठचा_खर्ज

खालचा_प यांची नॉइजची चाचणी आणि पॅचवाली ताईंची वाटणी धरून फाइलींच्या नावाची पद्धत ठरवली आहे. आधी सिंथ, मग पॅच, मग ३३ दाबल्यावर येणारा आकडा, मग सबचा आकडा, शेवटी बाहेरून लागणारा ट्रान्सपोज. उदाहरणार्थ: ‘व्हायटल, जाड सॉ, ५५, सब २७, बाहेर ०’. एकमेकांना प्रीसेट पाठवताना हीच पद्धत वापरा. आकडा न लिहिलेली फाइल आली तर आधी मोजायची, मग गाण्यात घ्यायची.